कायदा संसद करते, मग रक्कम आणि अटी कोण ठरवतं?

अनघा_रामबाग

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडते. इथे वकील आहेत, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, म्हणून मुद्दाम इथेच.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या कलम ४ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभाचा हक्क दिला आहे. सरकारी किंवा सरकारी उपक्रमांतल्या नियमित नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या आहेत. बाळंतपण कितवं, याचा त्या कलमात उल्लेख नाही.

प्रत्यक्षात २०१७ पासून केंद्राच्या मातृवंदना योजनेत मिळायला लागले ५,००० रुपये, तेही फक्त पहिल्या जिवंत अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळतात. दुसरं अपत्य मुलगा असेल तर काही नाही.

इथे इंदूरला आमच्या गल्लीतल्या बायकांचे अर्ज मी भरून देते. आधार, बँकेचं पासबुक, माता-बाल कार्ड, लसीकरणाची नोंद, सगळं लावते. परवा दुसरा मुलगा झालेली एक जण आली होती. घरी पोळ्या करून देते, नवरा रिक्षा चालवतो. ती म्हणाली, "ताई, कायद्यात लिहिलंय म्हणता, मग हे कुणी काढलं?"

माझा प्रश्न तोच आहे. संसदेने दिलेला हक्क मंत्रालय नियमांनी, योजनेने, मार्गदर्शक सूचनांनी इतका आखूड करू शकतं का? आणि करत असेल तर संसदेत ते बघणारं कुणी आहे की नाही?

---

जिरावण

वाचतोय. पोहे घेऊन बसलोय, लिहा सगळ्यांनी.

---

काळाकोट

अनघाताई, कलम ४ चे पहिलेच शब्द परत वाचा. "केंद्र सरकारने आखलेल्या योजनांच्या अधीन राहून" अशा अर्थाची सुरुवात आहे. हक्क नंतर येतो, अट आधी. सरकारी बाजू याच शब्दांवर उभी राहते.

माझं मत सांगतो. "योजनांच्या अधीन" याचा अर्थ पैसे कधी, किती हप्त्यांत, कुठल्या कागदांवर द्यायचे एवढाच असू शकतो. निम्म्या बायकांना बाहेर काढण्याची मुभा त्यातून निघत नाही. १९५१ च्या दिल्ली लॉज प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की कायद्याचं धोरण ठरवणं हे विधिमंडळाचं मूळ काम आहे, ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. तपशील सोपवता येतो. लाभ कुणाला मिळणार हा मला तरी तपशील वाटत नाही.

संसदेत बघणारं कुणी आहे का, तर कागदावर भरपूर आहे. बहुतेक केंद्रीय कायद्यांच्या शेवटी एक ठरलेलं कलम असतं. केलेला प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांसमोर एकूण ३० दिवस ठेवायचा, हे दिवस एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात. पुढचं अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर नियम बदलतो किंवा रद्द होतो. तोवर नियम लागूच असतो, आणि रद्द झाला तरी त्याआधी त्याखाली जे झालं ते कायम राहतं.

"दोन्ही सभागृहांनी" हे नीट लक्षात घ्या. एकाने नाही म्हणून भागत नाही.

---

गौरी_टिळकनगर

म्हणजे लोकसभेत ज्यांचं बहुमत त्यांचंच सरकार, आणि नियमही त्या सरकारचाच. मग लोकसभा तो रद्द कसा करणार?

---

काळाकोट

तोच पेच आहे. मला आठवतं ते एक उदाहरण देतो, विषय वेगळा आहे. २०११ चे माहिती तंत्रज्ञान मध्यस्थांचे नियम रद्द करावेत असा प्रस्ताव पी. राजीव यांनी राज्यसभेत आणला होता. १७ मे २०१२ ला चर्चा झाली आणि आवाजी मतदानाने तो फेटाळला गेला. पण त्या चर्चेत मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं, संबंधितांशी बोलू असं आश्वासन द्यावं लागलं. एका खासदाराने नियम वाचला म्हणून हे झालं.

---

खतावणी

मी राज्य सरकारच्या एका खात्यात लेखा विभागात आयुष्य काढलं. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

प्रत्येक आकडा कायद्यात कोरला की तो तिथेच गोठतो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा घ्या. मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा राज्याने नियमांनी ठरवायची, पण ती महिना १०,००० च्या वर जाता कामा नये, हे संसदेने कायद्यातच लिहून ठेवलं. ही मर्यादा उठवायला डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक आलं, समितीकडे गेलं, आणि २०२४ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही गेलं. आज औषधपाण्याचा खर्च कुठे गेलाय आणि मर्यादा २००७ चीच.

उलट रोजगार हमीची मजुरी बघा. २००५ च्या कायद्यात दर अधिसूचनेने ठरवायची सोय होती. २०११ पासून तो शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाशी जोडला, आणि पुढे वर्षाच्या वर्षाला नवा दर निघत राहिला. वाढ पुरेशी होती की नाही हा वाद वेगळा. पण दर वर्षी विधेयक आणावं लागलं असतं तर एवढीही झाली नसती.

आणि मातृवंदनेचं म्हणाल, तर जननी सुरक्षेचे पैसे धरून सरासरी ६,००० होतात असं सरकारचं म्हणणं आहे, तेही नोंदवून ठेवा.

---

अनघा_रामबाग

खतावणीकाका, राग कसला. मुद्दा पटतो. पण कलमात "सरासरी" नाही, "किमान" आहे. आणि जननी सुरक्षा ही दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून आधीपासून चाललेली वेगळी योजना. ते पैसे यात धरायचे, हे कायदा करताना कुणाला सांगितलं होतं?

---

पिथमपूरकर

वाढीचं बोलता आहात, आता घटीचं ऐका.

मी पिथमपूरला एका खाजगी कारखान्यात होतो. आमचं निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून. ही योजना १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम ६अ खाली सरकारने केलेली, म्हणजे अख्खी योजनाच अधिसूचनेवर उभी. सूत्र सोपं आहे: निवृत्तिवेतनाला धरायच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०.

ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनांनी एका हाताने किमान निवृत्तिवेतन १,००० केलं, पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० केली. ते चांगलं झालं. दुसऱ्या हाताने सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची केली.

समजा शेवटच्या वर्षाची सरासरी १४,००० आहे, पाच वर्षांची १२,०००, आणि नोकरी २८ वर्षं. आधीच्या हिशेबाने ५,६००, नव्याने ४,८००. ढोबळ हिशेब आहे, जुन्या काळाचा भाग वेगळा निघतो. पण दर महिन्याला, मरेपर्यंत, आणि नंतर बायकोच्या वाट्यातही ते कमीच.

हे संसदेत कुणी बोललं का? आम्हाला कळलं ते निवृत्त होताना, कारखान्याच्या ऑफिसात, हिशेबाचा कागद हातात आल्यावर. लोक न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ चे बदल बहुतांशी कायम ठेवले. जादा पगारावर निवृत्तिवेतनाचा पर्याय द्यायला चार महिने दिले, आणि जादा पगारावर कामगाराकडून १.१६ टक्के वर्गणी घ्यायची तरतूद बेकायदा ठरवली. ६० महिने राहिलेच.

---

जिरावण

पिथमपूरकर काका, हे कुणीतरी इतकं सोपं करून आधीच सांगायला हवं होतं हो. माझ्या बाबांचंही हेच आहे, त्यांना अजून वाटतं बँकेने काहीतरी चुकवलं.

---

मंदार_गीताभवन

संसदेत मांडतात म्हणजे काय होतं ते बघायचं असेल तर अधिवेशनात बारा वाजता संसद टीव्ही लावा. प्रश्नोत्तराचा तास संपला की अध्यक्ष "सभा पटलावर ठेवायचे कागद" पुकारतात. मंत्री उभे राहतात, कार्यसूचीत अमुक क्रमांकावर माझ्या नावे असलेले कागद सभा पटलावर ठेवतो म्हणतात, आणि बसतात. विषयाचं नावही ऐकू येत नाही. पुढचे मंत्री, पुढचे कागद. दहा-पंधरा खात्यांचं पाच मिनिटांत उरकतं. पिथमपूरकरांचे ६० महिने अशाच एखाद्या गठ्ठ्यातून जातात.

त्या दिवशीची कार्यसूची मात्र संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात प्रत्येक अधिसूचनेचा सा.का.नि. क्रमांक (राजपत्रात अशा नियमांना मिळणारा क्रमांक) आणि राजपत्राची तारीख दिलेली असते. तो क्रमांक घेऊन राजपत्राच्या संकेतस्थळावर गेलं की आधी हिंदी, मग इंग्रजी, पूर्ण मजकूर वाचता येतो. मी बातमीच्या कामासाठी हे नेहमी करतो. अवघड काही नाही, कंटाळवाणं आहे.

---

सुदामानगरकर

खासदारांनाही कंटाळवाणंच वाटत असणार. म्हणूनच समिती आहे ना?

---

काळाकोट

हो. सरकारने केलेले नियम तपासणारी लोकसभेची अधीनस्थ विधान समिती १९५३ पासून आहे, राज्यसभेची १९६४ पासून. दोन्हींत १५-१५ सदस्य. लोकसभेच्या समितीवर अध्यक्ष नेमणूक करतात, आणि मंत्री तिच्यावर बसू शकत नाही. पक्षाच्या आदेशावर मतदान नसल्यामुळे तिथे जरा मोकळेपणाने काम होतं.

समितीने काय तपासायचं ते लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३२० मध्ये दिलं आहे. नियम मूळ कायद्याच्या उद्देशाला धरून आहे का? जी गोष्ट खरं तर कायद्यातच हवी ती नियमात घातली आहे का? दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित किंवा वेगळाच वापर झालाय का? सभागृहासमोर ठेवायला विनाकारण उशीर झाला का? अनघाताईंचा प्रश्न यातल्या पहिल्या तिन्हींत बसतो.

शिवाय कायदा झाल्यावर ६ महिन्यांत नियम करावेत, नाही जमलं तर मुदतवाढ मागावी, असा दंडक आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ चा आणि नियम आले मार्च २०२४ मध्ये, मध्ये मुदतवाढी घेत. कल्याणकारी कायद्यात असा उशीर म्हणजे कायदा पुस्तकात आणि माणूस रांगेत.

---

जिरावण

अध्यक्ष नेमतात म्हणालात? मग २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष आपल्या ताईच होत्या की, भिया! सुमित्राताई महाजन. इंदूरच्या माणसाने तर यात लक्ष घालायलाच हवं.

---

सुदामानगरकर

ताई आठ वेळा इथून निवडून गेल्या, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण २०१६ चं आधार विधेयक धन विधेयक, म्हणजे ज्यात राज्यसभेला फक्त शिफारस करता येते असं विधेयक, ठरवलं गेलं ते त्यांच्याच काळात. त्यामुळे राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने नाकारल्या आणि विषय संपला. त्याच कायद्याच्या कलम ७ मुळे सरकारी अनुदान आणि लाभांना आधार जोडता आलं.

---

गौरी_टिळकनगर

धन विधेयक असल्याचं प्रमाणपत्र कायद्याने अध्यक्षांच्याच हातात असतं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते मान्यही केलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं हे खरं. ताईंना मध्ये आणू नका, धागा भरकटेल.

---

सुदामानगरकर

भरकटत नाही, गौरीताई. कागद दुसऱ्या सभागृहात जोर लावून तपासला गेला की नाही, हाच तर धाग्याचा विषय आहे. पण ठीक, थांबतो.

---

चाकांवरची

मी व्हीलचेअर वापरते. न्यायालयाने नियमाच्या मुसक्या आवळल्या असं एक ताजं उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचं आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात इमारती, वाहनं, संकेतस्थळं सुगम करण्याचे निकष सरकारने ठरवावेत आणि ते पाळलेच पाहिजेत असं आहे. २०१७ च्या नियमांमधला नियम १५ मात्र नुसता मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितलं.

२०१७ ते २०२४. मधल्या काळात किती इमारतींना पूर्णत्वाचे दाखले मिळाले असतील! आमच्या भागातल्या एका नव्या इमारतीचा उतार इतका उभा आहे की मला मागून दोन माणसं लागतात, आणि उतार संपतो तिथे तीन इंचांची पायरी आहे. ती पायरी आता कुणी फोडणार नाही. सात वर्षांनी न्यायालयाने चूक काढण्यापेक्षा पहिल्या अधिवेशनात समितीने काढली असती तर मला आज बँकेत एकटीने जाता आलं असतं.

---

अनघा_रामबाग

चाकांवरची, हे वाचून गलबललं. त्या इमारतीचा पत्ता मला निरोपात पाठव, आपण महापालिकेत अर्ज तरी करू.

---

लीड्सवासी

मूळचा लोकमान्य नगरचा, आता इंग्लंडात. इथली रीत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

इथे नियम मुख्यतः दोन प्रकारचे. काही लागू होतात आणि आक्षेप आला तरच पडतात, म्हणजे आपल्यासारखे. काही मात्र दोन्ही सभागृहांनी मतदान करून होकार दिल्याशिवाय लागूच होत नाहीत. सामाजिक सुरक्षेतले बरेच महत्त्वाचे नियम दुसऱ्या प्रकारात येतात. त्याखेरीज १९८० पासून एक स्वतंत्र सल्लागार समिती आहे. सामाजिक सुरक्षेच्या नियमांचे मसुदे, काही अपवाद सोडून, तिच्याकडे जातात. तिने अहवाल दिला तर मंत्र्याला तो नियमांबरोबर संसदेत ठेवावा लागतो आणि शिफारस का मानली नाही ते लिहावं लागतं.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कमी पगाराच्या कुटुंबांना मिळणाऱ्या कर-सवलतीच्या पैशांत कपात करणारे नियम आले. वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, ते फेटाळले नाहीत. ज्यांचे पैसे जाणार त्यांना आधार कसा देणार ते आधी सांगा, तोवर विचार करत नाही, असं म्हणाले. महिन्याभरात वित्तमंत्री ऑस्बर्न यांनी ती कपात मागे घेतली.

म्हणून इथे सगळं छान आहे असं समजू नका. खालच्या सभागृहाने असा एखादा नियम शेवटचा पाडला तो १९७९ मध्ये. नियमात दुरुस्ती करता येत नाही, घ्या नाहीतर टाका.

---

अनघा_रामबाग

हे दोन प्रकार वाचून मला वाटतं खतावणीकाकांच्या अडचणीवर उत्तर आहे. रक्कम वाढवायची, पात्रता रुंद करायची, तर अधिसूचना पुरे, उद्याच काढा. पण लाभ कमी करायचा, कुणाला वगळायचं, नवा कागद सक्तीचा करायचा, तर दोन्ही सभागृहांनी आधी मत द्यावं, मगच लागू व्हावं. देताना घाई चालेल. काढून घेताना उभं राहून सांगावं, का काढून घेतो आहोत ते.

---

खतावणी

विचार चांगला आहे, पण "कमी" कशाला म्हणायचं? पिथमपूरकरांचंच घ्या. किमान १,००० झालं म्हणजे वाढ, ६० महिने झाले म्हणजे घट. सरकार म्हणेल एकूण वाढच आहे.

---

पिथमपूरकर

काका, ज्याचं कमी होतं त्याला विचारा. एका कलमाने एका माणसाचं जरी घटत असलं तरी ते कलम वेगळं काढून मताला टाकावं. वाढीच्या कागदात घट गुंडाळू नये.

---

काळाकोट

पिथमपूरकर, हे वाक्य एखाद्या खासदाराच्या भाषणात शोभेल.

न्यायालयाचं म्हणाल तर दोन निकाल लक्षात ठेवा. १९७२ च्या हुकुमचंद प्रकरणात विस्थापितांच्या पुनर्वसन कायद्याखालचा नियम मागच्या तारखेपासून लागू केला होता. तसा अधिकार कायद्यात नव्हता. न्यायालय म्हणालं, नियम संसदेसमोर ठेवला म्हणून बेकायदा नियम कायदेशीर होत नाही. आणि १९७९ च्या ॲटलस सायकल प्रकरणात ठरलं की नुसतं समोर ठेवायचं बंधन पाळलं नाही म्हणून नियम रद्द होत नाही. थोडक्यात, ठेवल्याने वाचत नाही आणि न ठेवल्याने मरत नाही. म्हणून तर संसदेतल्या तपासणीला माणसं लागतात.

---

जिरावण

अवांतर: हुकुमचंद म्हटल्यावर मला आपली इंदूरची हुकुमचंद मिलच आठवली.

---

पिथमपूरकर

तो खटला वेगळा, पण मिलचं दुःखही याच जातीचं. नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. आमचे काका त्यातलेच. हक्क कुणी नाकारला नव्हता, तो हातात येईपर्यंत पिढी गेली.

---

सुदामानगरकर

सगळे केंद्राचं बोलताहेत, भोपाळचंही बोलू. बायकांना दरमहा पैसे देणारी राज्याची लाडली बहना योजना मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, जूनमध्ये १,००० चा पहिला हप्ता आला, त्याच वर्षी १,२५० झाले. चांगलं झालं, घरकाम करणाऱ्या बायकांच्या हातात पैसा दिसतो. पण तिच्यामागे विधानसभेने केलेला कायदा नाही, म्हणून सभागृहासमोर ठेवायला नियमही नाहीत. वय, उत्पन्न, समग्र आयडी (राज्याचा ओळख क्रमांक), सगळ्या अटी आदेशात. केंद्राच्या वृद्ध पेन्शनचंही तेच. ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा २०० रुपये, आणि तो २००७ पासून हललेला नाही. कायदाच नाही तर तपासायचं काय?

---

मंदार_गीताभवन

यात फार तथ्य आहे. कायद्याखालचे नियम निदान राजपत्रात येतात, सा.का.नि. क्रमांक मिळतो, पटलावर जातात. मार्गदर्शक सूचना आणि परिपत्रकं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकली की झालं, जुनी प्रत कधी काढली तेही कळत नाही. मातृवंदनेच्या अटीही मार्गदर्शक सूचनांमध्ये वाचायला मिळतात. हक्क कायद्यात आणि तो छाटणारी कात्री परिपत्रकात, हे समितीपुढे ठामपणे मांडायला हवं.

---

अनघा_रामबाग

बरं, मग मूळ प्रश्नावर येते. आपण इंदूरच्या चार लोकांनी करायचं काय? काळाकोट, समितीला थेट लिहिता येतं का?

---

काळाकोट

लिहायला कुणी अडवत नाही. पण माझ्या मते लोकसभेकडे रीतसर याचिका करावी, ती "याचिका समिती" नावाच्या वेगळ्या समितीकडे जाते. खासदारांनी ती सादर केली तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि तेवढ्यासाठी त्यांना ती वाचावी लागते, हाच मोठा फायदा. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर सोबत या दोहोंपैकी एका भाषेत अनुवाद सही करून जोडायचा. भाषा सभ्य, शेवटी नेमकी विनंती. न्यायालयात चालू असलेला विषय नको.

आणि विनंतीत "योजना रद्द करा" लिहू नका, चालू असलेले ५,००० बंद व्हायला निमित्त नको. असं लिहा: दुसऱ्या बाळंतपणाला मुलगा झाला तर लाभ नाकारणारी अट २०१३ च्या कायद्याच्या कलम ४ शी जुळते का हे तपासावं, आणि अशा अटी सभागृहासमोर ठेवल्या जाणाऱ्या नियमांतच असाव्यात अशी शिफारस करावी. एक प्रत माहितीसाठी अधीनस्थ विधान समितीला.

---

पिथमपूरकर

त्यात आमचे ६० महिने घाला ना.

---

खतावणी

नको. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, एकाच कागदात घातलं तर दोन्ही परत येतील. तुमची वेगळी याचिका करू, हिशेबाचा तक्ता मी बसवून देतो. तुमच्या कारखान्यातल्या पाच-सहा जणांचे निवृत्तिवेतनाचे कागद आणा, नावं झाकून. खरे आकडे असले की वाचणारा थांबतो.

आणि अनघाताई, माझा तुमच्या कल्पनेला अजून पूर्ण होकार नाही. घटीसाठी आधी मत ठेवलं तर सरकार योजना सुरू करतानाच रक्कम कमी ठेवेल, ही भीती मला वाटते. पण मातृत्व लाभाच्या याचिकेवर माझी सही घ्या.

---

अनघा_रामबाग

भीती रास्त आहे, काका. म्हणूनच "किमान" कायद्यात हवं असं मी म्हणते. मराठी मसुदा रविवारपर्यंत टाकते. पोळ्या करणाऱ्या ताईंना विचारलं, त्या सही करायला तयार आहेत, पण नाव फक्त कागदावर, इथे नाही. अशाच ज्यांना दुसऱ्या वेळी नकार मिळाला त्यांच्यापर्यंत कुणाला पोहोचता येत असेल तर सांगा. अंगणवाडीच्या ताईंवर रोष काढू नका, अट त्यांनी केलेली नाही.

---

चाकांवरची

माझ्या दोन मैत्रिणी आहेत, दोघींना दुसरा मुलगा. विचारते.

---

गौरी_टिळकनगर

हिंदी अनुवाद मी करते. कलमाचे शब्द राजपत्रातल्या हिंदी पाठातूनच घेईन, स्वतःचे घालणार नाही. मंदार, २०१३ च्या राजपत्राची ती प्रत आणि २०१७, २०२२ च्या दोन्ही मार्गदर्शक सूचना पाठवशील का?

---

मंदार_गीताभवन

रात्री पाठवतो. २०१७ ची प्रत माझ्याकडे उतरवून ठेवलेली आहे.